डुकराच्या विष्ठेत जंत दिसले, म्हणजे घरच्यांना धोका आहे का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गोराईच्या एका गावठाणातल्या कुटुंबाने घरामागे चार डुकरं पाळली आहेत. पाऊस संपल्यावर त्यातल्या दोघांच्या विष्ठेत लांब, पांढरट जंत पडलेले दिसले. घरात पाच आणि दोन वर्षांची मुलं आहेत, पत्नीला चौथा महिना चालू आहे आणि डुकरांची विष्ठा कुजवून परसातल्या भाजीला घातली जाते. त्यात कुणीतरी मोबाइलवर पाठवलं, की डुकराचे जंत माणसाच्या मेंदूत जातात. म्हणून विचारलंय: डुकरं काढून टाकावीत का, मुलांच्या कोणत्या तपासण्या कराव्यात आणि नाताळसाठी ठेवलेलं डुक्कर खावं की नाही?

मी पशुवैद्य आहे. बोरिवलीपासून वसईपर्यंतच्या गावठाणांत डुकरं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि तुमची भीती मला नवीन नाही. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे जंत एकत्र झाले आहेत. जो तुम्हाला दिसला तो मेंदूत जाणारा नव्हे. ज्याची तुम्हाला भीती वाटते तो डुकराच्या विष्ठेत कधी दिसत नाही, कारण त्याची अंडी डुकराच्या पोटातून येतच नाहीत. दोघांचा रस्ता वेगळा, म्हणून उपायही वेगळा. हे नीट कळलं की डुकरं ठेवायची की नाही, ते तुम्हालाच ठरवता येईल.

आधी दिसलेल्या जंताबद्दल. तुम्ही वर्णन केलंय तसा गोल, दोन्ही टोकांना निमुळता, वीतभर किंवा त्याहून लांब, फिकट गुलाबी-पांढरा जंत म्हणजे जवळजवळ नक्कीच डुकराचा मोठा गोलकृमी. शास्त्रीय नाव अस्कॅरिस सुअम. मादी २० ते ३५ सेंटिमीटर वाढते आणि दिवसाला दोन लाखांच्या वर अंडी घालू शकते. दोन ते सहा महिन्यांच्या वाढत्या डुकरांत हा सर्वांत जास्त असतो. मोठ्या जनावरात काही प्रतिकारशक्ती येते, तरी जुनी डुकरीण थोडीथोडी अंडी टाकत राहते आणि तिच्या पिल्लांना तिथूनच सुरुवात होते.

आता महत्त्वाची गोष्ट. ताज्या विष्ठेतलं गोलकृमीचं अंडं कुणालाच लागण करू शकत नाही. त्याच्या आत अळी तयार व्हावी लागते आणि त्यासाठी ऊब, ओल आणि हवा लागते. मुंबईच्या दमट हवेत याला साधारण दोन ते चार आठवडे पुरतात. एकदा अळी तयार झाली, की ते अंडं सावलीतल्या ओल्या मातीत कित्येक वर्षं टिकतं. त्याचं कवच इतकं चिवट आणि चिकट असतं, की फिनेल किंवा ब्लीचिंग पावडरने ते मरत नाही. तुम्ही रोज सकाळी शेड धुता हे चांगलंच आहे. पण खरा धोका शेडच्या कडेच्या त्या मातीत आहे, जिथे धुतलेलं पाणी मुरतं आणि जिथे तुमची मुलं बसतात. लोक ताज्या घाणीला नाक मुरडतात आणि महिन्याभराच्या कोरड्या दिसणाऱ्या मातीत मुलांना खुशाल खेळू देतात. माझ्या अनुभवात ही चूक सर्वांत जास्त घरांत होते.

डुकराने असं अंडं गिळलं, की अळी आतड्यातून यकृतात जाते, तिथून फुप्फुसात, मग खोकल्याबरोबर घशात येऊन पुन्हा गिळली जाते आणि शेवटी आतड्यात वाढते. अंडं पोटात गेल्यापासून विष्ठेत नवी अंडी दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून तीन महिन्यांचं पिल्लू खोकत असेल, पोट सुटलंय, अंगावर मांस धरत नाही, आणि तरी विष्ठेच्या तपासणीत काही सापडलं नाही, तर मी त्या अहवालावर थांबत नाही. अळ्या तेव्हा प्रवासात असतात.

माणसाच्या बाबतीतही असंच घडू शकतं. डुकराचा गोलकृमी आणि माणसाचा गोलकृमी हे अगदी जवळचे नातेवाईक आहेत, आणि डुकराच्या गोलकृमीची लागण माणसांना, विशेषतः लहान मुलांना, होते. कधी जंत आतड्यात पूर्ण वाढतो आणि शीतून बाहेर पडतो. कधी तो वाढत नाही, फक्त अळ्या यकृत-फुप्फुसातून फिरतात. मग मुलाला खोकला, दम लागल्यासारखं होणं, बारीक ताप असं होतं आणि रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. अशा वेळी शीच्या तपासणीत अंडी सापडत नाहीत. तुमच्या धाकट्याला गेल्या महिन्यात 'बालदमा असावा' असं सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. तो दमाच असेलही; मुंबईच्या हवेत त्याला कारणं पुष्कळ आहेत. पण घरामागे डुकरं आहेत आणि त्यांना जंत झालेत, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. तुम्ही सांगितलं नाही तर गोराईच्या घरातल्या डुकरांची कल्पना दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरांना कशी येणार?

औषधाचं म्हणाल, तर माणसांचं औषध डॉक्टरांनीच ठरवायचं. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात, ती गोळी मुलांना चुकवू देऊ नका. तुमच्या पत्नीने मात्र गरोदरपणात स्वतःहून कोणतीही जंताची गोळी घेऊ नये. त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

बाकीचे पोटातले परजीवी पटकन सांगतो. चाबूककृमी डुकरांना रक्ताचे जुलाब लावतो, पण माणसात सहसा टिकून राहत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांच्या पिल्लांना पिवळट जुलाब लावणारा कॉक्सिडिया नावाचा एकपेशी परजीवी असतो, तो माणसाला होत नाही. मोठा आतड्यातला पर्णकृमी डुकरांत आणि माणसांत दोन्हीकडे असतो, पण तो तळ्यातल्या पाणवनस्पतींवरून येतो, म्हणजे कच्चे शिंगाडे दाताने सोलून खाण्यातून. तुम्ही डुकरांना तळ्यातलं शेवाळ किंवा वेली घालत नसाल तर त्याचा विचार सोडा.

एक मात्र ताज्या विष्ठेतूनच येतो. बॅलेंटिडियम कोलाय नावाचा एकपेशी जीव. डुकराच्या मोठ्या आतड्यात तो निमूट राहतो, डुकराला बहुधा काही त्रास होत नाही. माणसाला मात्र आव पडल्यासारखे रक्तमिश्रित जुलाब होऊ शकतात. त्याला मातीत पिकायला लागत नाही, दूषित पाणी किंवा हात पुरतात. म्हणून विचारतो, शेडचं सांडपाणी विहिरीच्या दिशेने उतरतं का? उतरत असेल, तर औषधापाण्याच्या आधी तो उतार बदला आणि पिण्याचं पाणी उकळा. घरात कुणाला आव झाली तर शीचा नमुना ताजा द्या आणि डुकरांचा उल्लेख करा. यावर औषध आहे आणि माणूस बरा होतो.

आता मेंदूतल्या जंताकडे येतो, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे. हा डुकराचा पट्टकृमी, टिनिया सोलियम. पूर्ण वाढलेला, काही मीटर लांबीचा पट्टकृमी फक्त माणसाच्या आतड्यात राहतो. त्याचे अंड्यांनी भरलेले तुकडे माणसाच्या शीतून बाहेर पडतात. डुकराने ती शी खाल्ली, की अंड्यांतून निघालेल्या अळ्या त्याच्या मांसात जाऊन पाण्याने भरलेले फोड बनतात. असं मटण कच्चं राहिलं आणि कुणी खाल्लं, की त्या माणसाच्या पोटात दोनेक महिन्यांत पट्टकृमी तयार होतो. इथपर्यंत मेंदूचा संबंध नाही. मेंदूत फोड होतात ते पट्टकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेल्यावर, आणि अंडी येतात माणसाच्या शीतून: न धुतलेले हात, दूषित पाणी, मैल्याने भिजलेल्या मातीतली कच्ची भाजी.

म्हणून हा आजार जन्मात डुकराचं मटण न खाल्लेल्यांनाही होतो. मुंबईतल्या मेंदूविकार विभागांत फिट येऊन दाखल झालेल्या शुद्ध शाकाहारी रुग्णांच्या मेंदूत असा फोड सापडतो, यात तिथल्या डॉक्टरांना नवल वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९०च्या सुमारास सनातनी ज्यू कुटुंबांत असे रुग्ण सापडले. डुकराचं मांस त्यांच्या धर्मात निषिद्ध. शोध घेतल्यावर लागणीचा माग पट्टकृमी असलेल्या प्रदेशांतून आलेल्या घरकामगारांपर्यंत पोहोचला. डुकराचा तिथे संबंधच नव्हता.

तेव्हा तुमच्या डुकरांकडे बोट दाखवण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो. डुकरं मोकाट फिरतात का? शेडजवळ कुणी उघड्यावर बसतं का? आणि तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या शौचालयाची टाकी पावसात भरून वाहते का? गावठाणातल्या जुन्या टाक्या जुलैच्या पावसात उतू जातात हे मी अनेकदा पाहिलंय आणि डुक्कर त्या ओघळावर हमखास पोहोचतं. तिन्ही उत्तरं 'नाही' असतील, डुकरं बंदिस्त असतील आणि तुम्ही घरचंच शिजवलेलं खाणं घालत असाल, तर मेंदूच्या जंताच्या बाबतीत तुमची डुकरं कुणाला धोका नाहीत. एखादं उत्तर 'होय' असेल, तर डुकरं विकून फायदा नाही. टाकी दुरुस्त करा. ती तशीच राहिली तर डुकरं गेल्यावरही तुमच्या मुलांना धोका आहेच.

घरात कुणाच्या शीतून चपटे, पांढरे, फितीच्या तुकड्यांसारखे भाग पडत असतील, तर लाजू नका, लगेच तपासून घ्या. त्या एका माणसापासून सगळ्या घराला धोका असतो, आणि तो घरात स्वयंपाक करत असेल तर जास्तच. शेडवर राहणारा गडी असेल तर त्यालाही सन्मानाने तपासणीला न्या, दोषी ठरवून नको. आणि कुणाला फिट येण्याचा इतिहास असेल, तर पट्टकृमीची गोळी परस्पर घेऊ नका. मेंदूत फोड असताना त्या औषधाने सूज वाढू शकते, म्हणून डॉक्टर आधी मेंदूची तपासणी करून घेतात.

आता नाताळचं डुक्कर. पोटात गोलकृमी होते म्हणून मटण वाया जात नाही, ते जंत आतड्यात असतात. मात्र सॉरपोतेलला, म्हणजे डुकराचं मटण आणि कलेजी घालून केलेल्या रश्श्याला, कलेजी लागते, म्हणून ती नीट पाहा. पृष्ठभागावर सेंटिमीटरभराचे पांढरट डाग दिसले तर ते अळ्या यकृतातून गेल्याचे व्रण आहेत. असे व्रण महिना-सव्वा महिन्यात भरून येतात, म्हणजे ताजे डाग दिसले तर तुमच्या शेडमध्ये लागण अजून चालू आहे. डाग थोडे असतील तर तेवढा भाग कापून टाका, सगळी कलेजी डागाळलेली असेल तर ती वापरू नका. आतडी साफ करण्याचं काम मात्र मुलांपासून आणि तुमच्या पत्नीपासून लांब, वेगळ्या जागी, हातमोजे घालून करा.

देवनारच्या कत्तलखान्यात जनावर कापण्याआधी आणि नंतर पशुवैद्यकाची तपासणी होते. घरी कापलं की ती होत नाही, म्हणून तुम्हीच जिभेची खालची बाजू, जबड्याचा स्नायू, हृदय आणि छाती-पोटामधला पडदा चिरून पाहा. साबुदाण्यासारखे पारदर्शक, आत पांढरा ठिपका असलेले दाणे दिसले, तर ते पट्टकृमीचे फोड. ते मटण खायचं नाही, विकायचं नाही, कुत्र्यांना टाकायचं नाही. खोल खड्ड्यात पुरा किंवा जाळा, आणि घरातल्या प्रत्येकाची शी तपासून घ्या, कारण त्या डुकराला कुठून तरी माणसाची शी मिळाली आहे.

दाणे दिसले नाहीत तरी शिजवणं महत्त्वाचं. अख्ख्या तुकड्याच्या आत ६३ अंश सेल्सिअस आणि नंतर तीन मिनिटं झाकून ठेवणं, खिम्याला ७१ अंश. आपल्याकडचं सॉरपोतेल आणि इंदियाल हा डुकराच्या मटणाचा मसालेदार रस्सा, दोन्ही भरपूर शिजतात, जंतांच्या दृष्टीने मला त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती गच्चीवरच्या बार्बेक्यूची, जिथे बाहेरून करपतं आणि हाडाजवळ गुलाबी राहतं, आणि सॉसेजचा मसाला बरोबर झालाय का म्हणून कच्चं मिश्रण जिभेवर लावण्याच्या सवयीची. ही सवय आजपासून बंद करा. तुमच्या पत्नीसाठी हे दुप्पट महत्त्वाचं, कारण कच्च्या मटणातून टोक्सोप्लाझ्मा हा वेगळा परजीवी येतो आणि तो गर्भाला इजा करतो. मांजर शेडमधल्या खाद्यात घाण करत असेल तर डुकरांत तो तिथूनही जातो, म्हणून खाद्य झाकून ठेवा.

शेवटी डुकरांचा उपचार. दोघांनाच जंत दिसले तरी औषध चौघांनाही, एकाच दिवशी. मी बहुधा फेनबेंडाझोल खाद्यातून देतो, चाबूककृमीचा संशय असला तर सलग तीन दिवस. खरूज किंवा उवाही असतील तर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन, १ टक्क्याच्या औषधाचं ३३ किलो वजनाला १ मिलीलिटर, पण चाबूककृमीवर ते तितकं चालत नाही. घरगुती पाळीत औषध फुकट जातं ते बहुतेक वेळा वजनाचा अंदाज कमी धरल्याने. काटा नसेल तर पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि कानामागून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९. घेर ०.९ आणि लांबी १ मीटर आली, तर डुक्कर साधारण ५६ किलोचं.

डुकरीण गाभण असेल तर विण्याच्या दोन आठवडे आधी औषध, आणि विण्याच्या जागेत नेण्याआधी तिचे आचळ आणि अंग साबणाने धुवा, म्हणजे कातडीला चिकटलेली अंडी पिल्लांच्या तोंडात जाणार नाहीत. वाढत्या पिल्लांना पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा औषध लागतं. नाताळला कापायच्या जनावराला औषध कधी दिलं ते लिहून ठेवा. औषधाप्रमाणे दोन ते चार आठवडे थांबावं लागतं, नेमके दिवस बाटलीवर असतात आणि ते पाळायचेच.

औषधानंतर तीन-चार दिवसांची विष्ठा वेगळी गोळा करा, तिच्यात जंत आणि अंडी खच्चून असतात. शेड ओली करून खरडा, मग उकळतं पाणी ओता. अंडं मरतं ते उष्णतेने आणि कडक उन्हात पूर्ण वाळल्याने. शेडच्या कडेची वरची माती काढून तिथे सिमेंटचा पट्टा करता आला तर उत्तम. नाही जमलं तर निदान मुलांची खेळायची जागा कुंपण घालून वेगळी करा, आणि शेडची चप्पल शेडलाच ठेवा.

खताचं तुम्ही विचारलंय. कुजवलेल्या खतात अंडी मरतात, पण ढीग आतून ५५ अंशांवर काही दिवस तापला आणि कडेचा माल आत घालून तो उलथवला, तरच. घरगुती ढीग पावसात इतका तापत नाही. लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. ती हातात सहज धरवत असेल तर ढीग पुरेसा तापलेला नाही. खात्री नसेल तर ते खत नारळाला, केळीला घाला. मुळा, कोथिंबीर, पालेभाजी याला नको. परसातली सध्याची पालेभाजी शिजवूनच खा. मिठाच्या पाण्यात बुडवून अंडी मरत नाहीत, वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने कमी होतात इतकंच.

आता उद्याचं काम. चारही डुकरांची ताजी, नुकतीच पडलेली विष्ठा, प्रत्येकी दोन चमचे, वेगवेगळ्या झाकणाच्या डब्यांत घ्या, डब्यावर कोणत्या डुकराची ते लिहा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, बर्फाच्या पिशवीजवळ थंड ठेवा आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. एखादा पडलेला जंत मिळाला तर तोही पाण्यात घालून न्या, ओळख पटायला सोपं जातं. अहवाल आला की त्यातला अंड्यांचा प्रकार, डुकरांची वयं आणि टाकीची स्थिती इथेच लिहा. मग औषधाचं वेळापत्रक तुमच्या शेडनुसार बसवून देतो.